गायिका अज्ञात

मी कळंबोलीच्या लोखंड बाजारात वजनकाट्यावर बसतो. ट्रेलर काट्यावर चढतो, मी आकडा वाचतो, पावती फाडतो, ट्रेलर उतरतो. पुढचा चढेपर्यंत जी पाच-सात मिनिटं मिळतात त्यात मी गाणी ऐकतो. एकाच कानात. दुसरा कान ड्रायव्हरांसाठी मोकळा ठेवावा लागतो, नाहीतर ते काच अशी बडवतात की एखाद दिवशी ती माझ्या मांडीवर येईल.

गाणी म्हणजे तुम्हाला वाटतील ती नव्हेत. सिनेमातली नाहीत, भावगीतं नाहीत, आमच्याकडच्या हळदीत वाजतात ती तर मुळीच नाहीत. कुणीतरी कुठल्यातरी देशात आपल्या झोपायच्या खोलीत बसून कॉम्प्युटरवर जुळवलेली, कुठल्याही कंपनीनं न काढलेली, जगात जेमतेम शंभर माणसांनी ऐकलेली अशी. त्यात यंत्रांची गुणगुण असते, ठोके असतात, कधी नळाचं पाणी असतं, कधी काहीच नसतं, आणि ते काहीच नसणंसुद्धा मला आवडतं. घरात याला ‘बाबांचा फ्रिज’ म्हणतात. फ्रिज सुरू झाला की बायको दार लोटून घेते.

हे वेड मला माझ्या एका मित्रानं लावलं. त्याचं पनवेलच्या बाजारात मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. खूप वर्षांपूर्वी आखातातून आलेल्या कुणा गिऱ्हाइकानं त्याला एक सीडी दिली होती, ती त्यानं मला दिली. मी घरी लावली, दहा मिनिटं ऐकली आणि दुसऱ्या दिवशी सीडी खराब आहे म्हणून परत करायला गेलो. तो म्हणाला, "खराब नाही मियाँ, असंच आहे ते. परत ऐक." परत ऐकलं आणि हादरलो. शब्द नाहीत, चाल नाही, पेटी-तबला नाही, तरी गाणं माणसाला धरून ठेवू शकतं हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून मी शोधतोच आहे.

शोधलेलं पोटात ठेवायचा माझा स्वभाव नाही. दर शुक्रवारी सकाळी सातला मी एक नवं गाणं साठ-सत्तर लोकांना फोनवर पाठवतो, वर चार ओळी लिहून. त्यात एक दातांचे डॉक्टर आहेत, एक निवृत्त स्टेशनमास्तर आहेत, कॉलेजातल्या दोन मुली आहेत, आणि कुणाच्या तरी ओळखीनं आलेले बरेच अनोळखी लोक. नुसता अंगठा पाठवणाऱ्यांचा मला राग येतो. ऐकलं असेल तर दोन शब्द लिहा, नसेल तर गप्प बसा. माझ्या मेव्हण्यानं एकदा गाण्याच्या बदल्यात गुलाबाच्या चित्रावर सुप्रभात लिहून पाठवलं, तर त्याला मी यादीतून काढून टाकला. तो अजून प्रत्येक लग्नात हे सांगतो.

आता आत्याविषयी सांगायला हवं. माझी आत्या, म्हणजे वडिलांची धाकटी बहीण, आपट्याला राहते. पंचाहत्तरीला आली आहे आणि ती धवलारीण आहे. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात भटजी नंतर, आधी धवलारीण. मांडव घालण्यापासून हळद उतरेपर्यंत ती एकेका विधीला बसून धवले गाते, तिच्यामागून बाकीच्या बायका म्हणतात, आणि ते म्हटल्याशिवाय विधी झाला असं आमच्या घरात कुणी मानत नाही. माझ्या लग्नात तीच होती, माझ्या बहिणीच्या लग्नातही तीच. पूर्वी गावोगाव अशी एखादी बाई असायची. आता आमच्या ओळखीत हीच उरली आहे, आणि जिथं तिला बोलावत नाहीत तिथं भिंतीएवढे स्पीकर बोलावतात. मात्र लग्नाबाहेर आत्या धवल्याची एक ओळ म्हणत नाही. कॉलेजची माणसं तिच्याकडे येऊन गेली, टीव्हीवाले येऊन गेले. "लगीन कोनाचा हाय?" एवढंच ती विचारते. लग्न कुणाचं नाही म्हटल्यावर चहा पाजून परत पाठवते.

माझ्या मुलीचं लग्न वैशाखात ठरलं तेव्हा तिनं एकच हट्ट धरला. "हॉल कुठलाही घ्या बाबा, मेनू काहीही ठेवा, डीजे नसला तरी चालेल. पण धवले आजीच गाणार." आत्याला ती आजी म्हणते. मी म्हटलं, त्यात काय, आजी घरचीच आहे.

लग्नाला महिना-सव्वा महिना असताना मला ते गाणं सापडलं. दूर उत्तरेकडच्या, वर्षातले सहा महिने बर्फ असणाऱ्या देशातल्या एका बाईनं केलेलं, नऊ मिनिटांचं. सुरुवातीला नुसती घरघर, लांबून ट्रेलर यावा तशी. मग तिच्याखालून हळूहळू एक आवाज वर येतो. म्हाताऱ्या पुरुषाचा वाटावा इतका खोल, मधेमधे चिरकणारा, आणि इतका संथ की एकेका अक्षराला दोन-तीन सेकंद लागतात. भाषा कुठली ते कळत नाही. मागे काहीतरी कुटल्यासारखा ठोका. मी काट्यावर ऐकत होतो. मागे चार गाड्या लागल्या, पहिल्या गाडीचा ड्रायव्हर उतरून काच बडवायला लागला, तरी मला हलवेना. माझे डोळे भरून आले होते आणि का ते सांगता येत नव्हतं.

त्या शुक्रवारी मी चारऐवजी चौदा ओळी लिहिल्या. ‘हा आवाज कुठला, कुणाचा, कुणास ठाऊक. कुठल्यातरी डोंगरातल्या, मरायला टेकलेल्या भाषेतला असावा. डोळे मिटून ऐका. भाषा आली नाही तरी कळेल.’ यादीतून त्या दिवशी अंगठे आले नाहीत, लांबलचक पत्रं आली. स्टेशनमास्तरांनी लिहिलं, बायको गेल्यापासून पहिल्यांदा रडलो. मित्रानं दुकानात दिवसभर तेच लावून ठेवलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिला, "सुभानअल्ला, काय आवाज आहे बघा." मी आठवडाभर हवेत होतो, जणू काही तो आवाज मीच काढला होता.

पुढच्या रविवारी आत्या पनवेलला आमच्या फ्लॅटवर आली. मांडव कधी, हळद कधी, मागे म्हणायला कुठल्या बायका घ्यायच्या, हे ठरवायचं होतं. करंजा बंदरातून आलेली सुकट तिनं आमच्यासाठी आणली होती, आणि बायकोबरोबर खाली बसून ती निवडत होती. मला कुणी काही विचारत नव्हतं, म्हणून मी स्पीकरवर ते गाणं लावलं. "झाला फ्रिज सुरू," बायको म्हणाली.

आवाज वर आला तसे आत्याचे हात थांबले.

"बंद कर ता," ती म्हणाली.

मला वाटलं तिच्या कानाला त्रास होतोय. मी आवाज कमी केला.

"कमी नको करू. बंद कर." आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "यो माजा गला हाय."

मी हसलो. खोटं कशाला सांगू, मोठ्यानं हसलो. म्हटलं, "आत्या, हे फार लांबच्या देशातलं आहे. आणि तो पुरुष आहे गं."

तिनं ताट बाजूला सारलं. "तुजे बयनीचे लग्नान मना ताप होता. गला बसला होता. हलद कुटताना मी आशीच गायले, मदी मदी फुटत. मना माजा फुटका गला वलखता येत नाय काय?"

मुलगी आतून बाहेर आली होती. ती म्हणाली, "बाबा, स्पीड वाढवून बघा ना."

कॉम्प्युटरवर गाण्याचा वेग वाढवणं ही अगदी सोपी गोष्ट आहे. आत्याची समजूत पटावी म्हणूनच मी ते केलं. जिथं तो आवाज न तुटता बराच वेळ चालतो तिथं गेलो आणि वेग थोडा वाढवला. म्हातारा जरा तरुण झाला. आणखी वाढवला. वरून जोडलेले यंत्राचे ठोके उंदरांसारखे तुरुतुरु पळायला लागले. दुपटीपाशी आलो आणि आमच्या हॉलमध्ये आत्या गायला लागली.

तापानं घसा बसलेली, पंधरा वर्षांनी तरुण आत्या. मागे उखळात पडणारं मुसळ. कुणाच्या तरी बांगड्या. आणि मधेच, क्षणभर, माझ्या बहिणीचं हसू, ते तर मी झोपेतही ओळखीन. शब्द न् शब्द कळत होता. जिला मी मरायला टेकलेली डोंगरातली भाषा म्हटलं होतं, ती माझ्या आईची भाषा होती. मी त्या भाषेत पहिला घास मागितला असेन.

बायको तोंडावर हात ठेवून बसली होती. गाणं चालूच राहिलं, कारण ते बंद करायचं मला सुचत नव्हतं. शेवटी मुलीनं बंद केलं. आत्या भिंतीला धरून उठली, सुकटीचे हात धुऊन आली आणि म्हणाली, "आपट्याची एश्टी किती वाजता हाय?" लग्नाचं काहीच ठरलं नव्हतं.

धक्का ओसरल्यावर मला राग आला, आणि राग आल्यावर जरा बरं वाटलं, कारण रागात काय करायचं ते मला चांगलं येतं. ही सरळ चोरी होती. सोमवारी काट्यावर बसून मी त्या परदेशी बाईला पत्र लिहिलं. आमच्या घरातल्या बाईचा आवाज, आमच्या देवाचं गाणं, तुम्ही कुठून उचललंत? कुणाला विचारून? शुक्रवारपर्यंत थांबायचा धीर नव्हता म्हणून यादीलाही त्याच दिवशी लिहिलं, की चौदा ओळी लिहून पाठवलेलं ते गाणं चोरीचं निघालं, गरिबांचे आवाज लुटून ही मंडळी कलावंत म्हणवतात, फोनमधून पुसून टाका. लोक खवळले. दातांच्या डॉक्टरांनी कायद्याची कलमं पाठवली. आत्याला फोन करून सांगितलं, "तू काळजी करू नको, मी त्यांना सोडणार नाही." ती "बरा" म्हणाली आणि फोन ठेवला.

बुधवारी उत्तर आलं. मी काट्याच्या केबिनमध्ये ते उघडलं. पत्र फार नम्र होतं. तुमच्या घरच्यांना त्रास झाला याचं तिला वाईट वाटत होतं. हा आवाज तिला संगीताची देवाणघेवाण करणाऱ्या एका साइटवर फार वर्षांपूर्वी मिळाला होता. साइट केव्हाच बंद पडली, पण देणाऱ्यानं वापरायची परवानगी दिली होती म्हणून तिनं त्या पानाचा फोटो जपून ठेवला होता. फोटो पत्राखाली होता.

त्या पानावर माझं टोपणनाव होतं. त्या काळी नेटवर सगळीकडे मी तेच वापरायचो. त्याखाली गाव, पनवेल. आणि त्याखाली इंग्रजीत माझीच तीन वाक्यं. खेड्यातल्या लग्नातलं जुनं गाणं. गायिका अज्ञात. हवं तसं वापरा.

मी ते किती वेळा वाचलं कुणास ठाऊक. बाहेर एक ट्रेलर काट्यावर चढून उभा होता आणि मी त्याचा आकडा वाचायच्या ऐवजी ही तीन वाक्यं वाचत होतो. मग एकेक आठवायला लागलं. त्या साइटचा नियम होता, घ्यायचं असेल तर आधी काहीतरी द्या. बाकीचे आपापलं संगीत द्यायचे. मी काही बनवत नव्हतो, माझ्याकडे फक्त खिशात मावेल एवढा रेकॉर्डर होता. मी काट्यावर चढणाऱ्या गाड्यांचा आवाज दिला, गाढी नदीतल्या बेडकांचा दिला. त्यांना कुणी हिंग लावून विचारलं नाही. मग बहिणीच्या हळदीत रेकॉर्डर सदऱ्याच्या खिशात ठेवून मी आत्यापासून दोन हातांवर बसलो. ते चाळीस मिनिटांचं दिलं, त्याची चार लोकांनी वाहवा केली, आणि मला हवी होती ती गाणी मिळाली. पुढे साइट बंद पडली, रेकॉर्डर बिघडला, आणि मी ते साफ विसरून गेलो.

‘गायिका अज्ञात’ मी का लिहिलं, हे मात्र मला नीट आठवलं, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटली. मी आधी ‘माझी आत्या’ असं लिहिलं होतं. वाचायला ते फार घरगुती वाटलं. अज्ञात लिहिलं की जरा भारदस्त वाटतं. म्हणून खोडलं.

संध्याकाळी मित्राच्या दुकानात जाऊन त्याला सगळं सांगितलं. तो कुणाचा तरी फोन उघडून बसला होता, तो त्यानं तसाच खाली ठेवला. "म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा," तो म्हणाला. मी म्हटलं, त्या बाईला माफीचं पत्र लिहितो, यादीलाही सगळं खरं लिहितो. "लिही ना. पण आधी आपट्याला जा. पत्रं कसली लिहीत बसतोस? आत्या एश्टीनं जाण्याइतकी जवळ आहे."

गुरुवारी सुट्टी टाकून गेलो. आत्या ओटीवर तांदूळ पाखडत होती. मी समोर बसून सगळं सांगितलं, रेकॉर्डर, खिसा, साइट, सगळं. साइट म्हणजे काय हे समजावताना मी बराच वेळ घेतला, कारण बाकीच्यापेक्षा ते सांगणं सोपं होतं. ती पाखडत राहिली. माझं बोलणं संपल्यावर तिनं विचारलं, "काय लिवलास म्हनालास?"

"गायिका अज्ञात."

"म्हंजी?"

"म्हणजे... गाणारी कोण आहे ते माहीत नाही."

सूप थांबलं. "तुना म्हाईत नव्हता?"

मी खाली बघितलं. लहानपणी आई आजारी असताना या बाईनं मला सहा महिने सांभाळलं होतं, याच ओटीवर.

"तवा लिवलास तो लिवलास," ती म्हणाली. "पन आता आयकलास तवा? तवा पन वलखला नायस. सगल्यांना वाटलास, लोकांना रडवलास, आनि तुना कलला नाय."

मी तिच्या पायांना हात लावला. म्हटलं, त्या बाईला सांगून तुझं नाव लावतो, सगळं जग बघेल. तिनं पाय मागे घेतले. "माजा नाव थय नको." मग म्हटलं, गाणंच काढून टाकायला लावतो. "काड नायतं ठेव. निवद कोनी उष्टा केला तं तो देवापुरं ठेवतस काय? तो धवला आता उष्टा झाला. तुजे मांडवान मी नाय."

आवाज चढवला असता तर मी भांडलो असतो. तिनं चढवला नाही. मी उठलो तेव्हा ती परत पाखडायला लागली होती.

घरी येऊन सांगितलं. बायको म्हणाली, "जगभर शोधत फिरलात. काखेत कळसा आणि गावाला वळसा." एवढंच म्हणून ती भांडी आवरायला गेली. मुलगी एरवी माझ्याशी फटाफट भांडणारी, माझ्यासारखीच तापट; ती नुसती उठून खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. लग्नाला तीन आठवडे उरले होते. तिनं मागितलेली एकुलती एक गोष्ट मी पंधरा वर्षांपूर्वीच देऊन टाकली होती, चार परक्या गाण्यांच्या बदल्यात.

त्या परदेशी बाईला मी माफीचं पत्र लिहिलं. तिनं गायिकेचं नाव विचारलं, मी सांगितलं की त्यांना नको आहे. दुसऱ्या दिवशी तिनं गाणं आपणहून काढून टाकलं. यादीलाही शुक्रवारी सगळं लिहिलं, गाणं न जोडता. सात-आठ लोक यादीतून निघून गेले. स्टेशनमास्तरांचं काहीच उत्तर आलं नाही, त्याचं मला सर्वात वाईट वाटलं.

आणि मेव्हणा आला. झाला प्रकार त्याला बहिणीकडून, म्हणजे माझ्या बायकोकडून, कळला होता. पंख्याखाली बसून, चहात बिस्कीट बुडवत तो म्हणाला, "एवढं काय त्यात? रेकॉर्डिंग आहे ना? हळदीत तेच लावू की. स्पीकर माझ्या ओळखीचा आहे." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याला दार दाखवायला मी उठून उभा राहिलो. मी केलं होतं ते याहून काय वेगळं होतं? मी परत खाली बसलो. माझा चेहरा बघून मेव्हणा घाबरला आणि त्यानं बहिणीकडे पाणी मागितलं.

पुढच्या रविवारी मुलगी सकाळीच स्कूटर घेऊन गेली. कुठं जाते ते सांगितलं नाही. दुपारी आली ती ऊन लागून लाल झालेली. हेल्मेट काढता काढता म्हणाली, "येते म्हणाली."

मी हात जोडले, वर कुठंतरी.

"थांबा बाबा. ती म्हणाली, पोरीचा काय दोष. पोरीसाठी येईन, बापासाठी नाही."

"अगं, आली म्हणजे झालं," मी म्हटलं. रागावलेलं माणूस असं बोलतंच, असं मी धरून चाललो. आमच्या घराण्यात राग पिढीजात आहे. मांडवात बसली, चार बायका भोवती जमल्या की विरघळेल, असं मला खरंच वाटलं. आत्या आमच्याकडून उठून गेली त्यानंतर पहिल्यांदा त्या रात्री मी नीट झोपलो.

हळदीच्या दिवशी सकाळी आत्या नऊवारी नेसून, मागे म्हणणाऱ्या दहा बायका घेऊन आली. सोसायटीच्या मोकळ्या जागेत मांडव घातला होता. तिनं माझ्या हातून पाट घेतला, तांदूळ घेतले, उदबत्ती कुठं लावायची ते सांगितलं. रागाचं कुठं नाव नव्हतं. मुलगी पिवळी साडी नेसून समोर बसली. उखळ आलं, मुसळाला पान-सुपारी बांधली. आजूबाजूला फोन वर झाले होते. मी माझा बंद करून कपाटात ठेवून आलो होतो. बाकीच्यांना काही म्हणायला मला तोंड नव्हतं.

आत्यानं धवला धरला. आवाज आता बारीक झाला आहे, पण फुटत नाही. आधी देवांना आमंत्रण, मग गावाला, मग वेशीला. मुसळ पडत होतं, बायका मागून म्हणत होत्या. या गाण्याला सुरुवात नाही, शेवट नाही, एकच ठोका आणि एकच फिरत राहणारी ओळ, दर वेळी केसभर वेगळी. ज्याच्यासाठी मी जगभरच्या लोकांच्या झोपायच्या खोल्या धुंडाळत होतो ते हे होतं, आणि मी लहानपणी याच्या आवाजात पेंगायचो. मला रडू येत होतं आणि मी येऊ दिलं.

देव झाल्यावर घरची माणसं येतात, एकेक, नावानं. नवरी कुणाची पणती, कुणाची नात, कुणाची लेक. आत्यानं माझ्या आजोबांचं नाव घेतलं, तिच्या बापाचं. मग माझ्या वडिलांचं, तिच्या भावाचं, तिथं तिचा स्वर जरा हलला. पुढची ओळ नवरीच्या बापाची. हा क्रम मला पाठ होता. मी डोळे पुसले, हातातलं हळदीचं ताट सरळ धरलं.

तिनं माझ्या वडिलांचं नाव लांबवलं, माझी जागा भरेल इतकं, आणि त्यावरून सरळ माझ्या बायकोच्या नावावर आली. मग मामाचं नाव. माझ्या त्या मेव्हण्याचं. मधे कुठं अडखळणं नाही, मोकळी जागा नाही, ठोका चुकलेला नाही. कापून जोडलेली गाणी ऐकण्यात माझा जन्म गेला, पण असा जोड मी ऐकलेला नाही. आणि दहा बायकांनी तिच्यामागून ती ओळ जशीच्या तशी म्हटली, आजोबा, वडील, बायको, मेव्हणा. मी ताट धरून त्यांच्या मधोमध उभा होतो.

कुणाच्या लक्षात आलं नसावं. मेव्हण्याच्या तर नाहीच, तो आपलं नाव आलं म्हणून खूश होता. फक्त मुलीनं मान वर केली. तिनं आत्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिचे ओठ हलले. मी मानेनंच नको म्हटलं. मला त्या क्षणी आत्याचा राग आला नाही. तिनं सांगितलं होतं तेच केलं होतं. ऐकूनही मला ते ऐकू आलं नव्हतं.

धवला संपला तेव्हा आत्याला धाप लागली होती. तिनं माझ्याकडे बघून पाण्याची खूण केली. मी तांब्या आणून दिला. ती सगळं पाणी प्यायली, पदरानं तोंड पुसलं, आणि मी अजून तिथंच उभा आहे असं बघून म्हणाली, "हितं काय करतस, बाला? पोरीपाशी जा. हलद लावाला बापूस लागतो."

मी जाऊन मुलीपाशी बसलो आणि तिच्या पायांना हळद लावली.